गेलनची बहीण

मर्ल स्टालला दोन मुलं होती, पण त्याचा नेम उतरला तो एकीच्याच हातात. थोरल्या ट्विलाच्या. धाकटा गेलन पहिल्यांदा बंदुकीचा बार ऐकला तेव्हा रडत जाऊन गाडीत बसला होता, आणि पुढेही बरीच वर्षं तो कानांत कापूस घालूनच डोंगरात यायचा. ट्विला मात्र बापाशेजारी झाडाला पाठ टेकून बसली की बसली. बर्फ पडो, पाय बधिर होवोत, पोरगी हलायची नाही.

"हरीण येऊन हिला हुंगून जाईल, तरी ही शिंकणार नाही," मर्ल हार्लन क्रीक गावातल्या चहा-नाश्त्याच्या हॉटेलात चारचौघांत सांगायचा.

त्याची एक जुनी रायफल होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. मर्ल ती दुसऱ्या कुणाला पुसायलाही देत नसे. पण ट्विलाला म्हणायचा, "ही तुझी. मी मेल्यावर नाही, माझे डोळे अधू झाले की लगेच."

ट्विला पंचविशीत आली, लग्न झालं, मुलगी झाली, आणि बाळंतपणानंतर तिचं डोकं तिच्या ताब्यात राहिलं नाही. आधी झोप गेली. झोप नाही म्हणून तिनं सगळं घर रंगवून काढलं, मग शेजाऱ्यांचं कुंपण रंगवलं. लोक हसले. मग एकाएकी तिच्या आतला दिवाच विझला. ती दिवसचे दिवस पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती उठली, अंघोळ केली, कानातले शेजारणीला देऊन टाकले, कुत्रा दुसऱ्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला दिला, आणि धरणाच्या रस्त्यानं चालू लागली. तिथे रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या ट्रकवाल्यानं तिला पाहिलं, थंडीत, बिनकोटाची. त्यानं पोलिसांना बोलावलं.

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यातलं तीनशे दोन हे कलम खुनाचं नव्हे. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलाय असं दिसलं की त्याला जबरदस्तीनं दवाखान्यात नेण्याचं ते कलम. पण "स्टालच्या पोरीला तीनशे दोन लागलं" हे गावातले लोक ज्या आवाजात एकमेकांना सांगत, तो आवाज खुनाचाच होता.

दवाखान्यातून ती परत आली तेव्हा गोळ्यांनी जीभ जड झाली होती. नवरा काही महिन्यांनी मुलीला घेऊन ओहायोला निघून गेला. ते दुःख तिनं कसंबसं पचवलं. पण तीनशे दोन लागलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, हाताळताही येत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शरद ऋतू आला, मर्लच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि एका रविवारी जेवण झाल्यावर त्यानं भिंतीवरची रायफल काढून गेलनच्या हातात दिली. ट्विला भांडी पुसत उभी होती.

"डॅडी," ती म्हणाली, "ती माझी आहे."

"कायदा आहे पोरी."

"घरात तर राहू दे. मी हात नाही लावणार. नुसती भिंतीवर."

मर्लनं तिच्याकडे पाहिलं नाही. "गेलन, गाडीत ठेव ती," तो म्हणाला.

गेलननं ती उलटी धरली होती, तोंड जमिनीकडे, जशी कुदळ धरावी तशी. ट्विला पुढे कितीतरी वर्षं आजारपणाचे तपशील विसरत गेली. ते उलटं धरणं मात्र ती विसरली नाही.

तिनं मग लॉइडच्या दुकानात काम धरलं. मोसमात शिकारी आपापलं हरीण आणून टाकतात. लॉइड आणि त्याची माणसं ते सोलून, कापून, सॉसेज करून देतात. काम रक्तामासाचं, पण ट्विलाचा हात साफ होता. लोक ट्रकच्या मागून हरणं उतरवायचे, कुठे कसं टिपलं ते रंगवून सांगायचे, आणि ट्विला सुरी चालवत ऐकायची. कुणाचा नेम काळजात लागलेला दिसला की तिला त्या अनोळखी माणसाचाही हेवा वाटायचा. पण खरं पोटात दुखायचं ते गेलनचा ट्रक आला की. तो दर वर्षी हरीण आणायचा आणि दर वर्षी गोळी पोटात लागलेली असायची. आतडी फुटलेली, मांस नासलेलं.

"पाऊण मैल पळालं हे," ती एकदा म्हणाली. "काय हाल झाले असतील त्याचे."

"अगं, मिळालं ना शेवटी," गेलन हसून म्हणाला. तो मनाचा वाईट नव्हता. मोठ्यानं हसायचा, कुणाच्याही मदतीला धावायचा, गावच्या आगीच्या बंबावर बिनपगारी काम करून पुढे तिथला प्रमुख झाला. लोकांना तो आवडायचा. ट्विलालाही आवडला असता, तिचा भाऊ नसता तर.

तिच्या स्वतःच्या हाताशी एकच गोष्ट होती, गुरुवारची बैठक. लुथरन चर्चच्या तळघरात तिनं ती सुरू केली होती. ज्यांना गोळ्या घ्याव्या लागतात, ज्यांना आवाज ऐकू येतात, जे उन्हाळ्यातही उठू शकत नाहीत, अशांनी यावं, कॉफी घ्यावी, बोलावं किंवा नुसतं बसावं. ट्विला खुर्च्या मांडायची, घरून केक करून न्यायची. गावातलं कुणी त्याबद्दल बोलत नसे. राजधानीत हॅरिसबर्गला मनाच्या आजारांवर काही समिती बसली की ती फोन करायची, मला बोलायचंय म्हणून सांगायची. "नाव घेतलंय बाई," पलीकडून उत्तर यायचं. पण परत कुणी फोन केला नाही.

एका वर्षी वसंतात शेजारच्या पाइन फोर्क गावात एक माणूस बंदूक घेऊन स्केटिंगच्या हॉलमध्ये शिरला. मुलांचा वाढदिवस चालू होता. सगळ्यात आधी पोचला तो हार्लन क्रीकचा बंब, आणि पोलिसांच्या पाठोपाठ आत गेला तो गेलन. त्यानं एका मुलीला उचलून बाहेर आणलं. ती वाचली. बाकीच्यांबद्दल तो पुढे कित्येक महिने बोलला नाही.

त्या संध्याकाळी टीव्हीवाल्यांनी त्याच्यापुढे माइक धरला. अंगावर राख नव्हती, रक्त होतं. "हे कसं थांबेल?" असं कुणीतरी विचारलं. गेलन म्हणाला, "मला बंदुकांचं काही म्हणायचं नाही. ज्यांचं डोकं ठिकाणावर नाही त्यांना मदत मिळायला हवी. मला माहितेय. माझी सख्खी बहीण ट्विला तशीच आहे."

ट्विला आपल्या सोफ्यावर बसून ते बघत होती. मांडीवर सूपचा वाडगा होता. तिला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग फोन वाजायला लागला.

हल्लेखोराच्या नावावर कुठल्या दवाखान्याचा एक कागदही निघाला नाही. त्याला बायको सोडून चालली होती आणि त्याला राग होता, एवढंच. पण तोवर सगळा देश गेलनचं वाक्य बोलायला लागला होता. बंदुका कमी करा म्हणणारे एका बाजूला, बंदुकांना हात लावू नका म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि दोघांनाही वेडा माणूस सोयीचा. ट्विला दुकानात गेली की बायका आपल्या मुलांना जवळ ओढत. ज्या बायकांना तिनं लहानपणी झोके दिले होते त्याही.

आणि गेलन? गेलनला शाळेनं बोलावलं. रोटरीवाल्यांनी ताट-वाटी मांडून जेवू घातलं, लाकडी फळ्यावर पितळी पत्रा ठोकून मान दिला. मनाच्या आजाराविषयी निर्भीडपणे बोलणारा माणूस म्हणून वर्तमानपत्रानं त्याचा फोटो छापला. ट्विलानं तो फोटो पाहिला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आजार माझा. गोळ्या मी खाल्ल्या. मुलगी माझी गेली. बंदूक माझी गेली. आणि निर्भीड हा!

ऑगस्टात तो तिच्या दारात आला.

"हॅरिसबर्गला सुनावणी आहे," तो म्हणाला. "ज्यांच्यावर कधी ना कधी मनाचा इलाज झाला त्यांची राज्यात एक यादी करायची, असं विधेयक आहे. मला बोलायला बोलावलंय. तू येशील?"

तिनं दार पूर्ण उघडलं. "बोलायला?"

"नाही, म्हणजे… माझ्या मागे बसायला. तुला बघितलं की लोकांना पटेल."

"मी काय तुझ्या भाषणातली खुर्ची आहे?"

"ट्विला, प्लीज." त्याचे डोळे लाल होते. तो बारीक झाला होता, पण तिनं त्याकडे लक्ष दिलं नाही. ती त्याच्या नव्या कोटाकडे बघत होती.

ती गेली. का गेली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. कदाचित कुणीतरी तिलाही विचारेल, अशी आशा.

सुनावणीच्या दालनात गेलन बोलायला उभा राहिला. त्यानं त्या मुलीला उचलून आणल्याचं सांगितलं. मग मागे वळून ट्विलाकडे हात केला. "ही माझी बहीण. ती आजारी पडली तेव्हा आम्ही तिच्या हातातून बंदूक काढून घेतली. म्हणून आज ती जिवंत आहे."

बंदूक ट्विलाच्या हातात नव्हतीच. बंदुकीचा विचारही तिच्या मनात आला नव्हता. धरण होतं, पाणी होतं. आणि ती जिवंत राहिली होती ती एका ट्रकवाल्यामुळे, गोळ्यांमुळे, गुरुवारमुळे. हे सगळं सांगण्यासारखं होतं. आणि नेमकं त्याच वेळी समितीतल्या एका आमदारबाईंनी चष्मा वर सरकवत विचारलं, "आपल्या भगिनींना काही सांगायचंय का?"

इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं. ट्विला उठली. समोर कॅमेरे. शेजारी गेलन, डोळे पुसत असलेला, आणि मागच्या रांगेतली एक अनोळखी बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून "फार छान बोललात" म्हणत असलेली. तो हात ट्विलानं पाहिला, आणि तिच्या तोंडून निघालं ते एवढंच:

"ती बंदूक माझी होती. डॅडींनी मला देतो म्हटलं होतं. ह्याला तर नीट धरताही येत नाही."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. आमदारबाई म्हणाल्या, "धन्यवाद," आणि पुढचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच. वेड लागलेल्या बाईला बंदूक हवी आहे. एका बाजूनं म्हटलं, बघा, म्हणून यादी हवी. दुसऱ्या बाजूनं म्हटलं, बघा, म्हणून बंदुका नकोत. गुरुवारी तळघरात ट्विलानं नेहमीइतक्या खुर्च्या मांडल्या आणि बहुतेक रिकाम्या राहिल्या. आर्लीन नावाची एक जुनी मैत्रीण फक्त दारापर्यंत आली.

"माझा नवरा म्हणतो, यादी झाली तर इथे येणाऱ्यांची नावं आधी जातील," ती म्हणाली. "त्याच्या बंदुका आहेत ना घरात. राग नको धरूस."

"तुझ्यावर नाही धरत," ट्विला म्हणाली. कुणावर धरायचा ते तिला पक्कं ठाऊक होतं. भावाशी तिनं बोलणं टाकलं.

नोव्हेंबर संपत आला, मोसम उघडला. डोंगरात पहाटेपासून बार ऐकू यायला लागले आणि लॉइडच्या अंगणात ट्रकांची रांग लागली. गेलनचा ट्रक आला नाही. ट्विलानं स्वतःला बजावलं की ती वाट बघत नाहीये.

आठवडाभरानं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, अंगणात कुणी नसताना तो आला. ट्रकमध्ये हरीण नव्हतं. त्यानं दाढी केली होती, केस कापले होते. चेहरा कसा धुतल्यासारखा शांत. त्यानं मागच्या सीटवरून कापडात गुंडाळलेली रायफल काढली आणि तिच्यापुढे धरली. या वेळी नीट धरली होती.

"घे," तो म्हणाला. "तुझीच होती. खरं बोललीस तू तिथे."

"मला घेता येत नाही. कायदा आहे."

"कोण बघतंय? घे ना."

ट्विलानं एप्रनला हात पुसले आणि घेतली. तो गुन्हा होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. अक्रोडाचा दस्ता गालाला लावला तेव्हा तिला आतून असा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. जिंकले मी, तिला वाटलं. शेवटी दिलीस ना.

"मॅक्सलाही ठेवून घेशील का?" गेलन म्हणाला. मॅक्स त्याचा कुत्रा, पुढच्या सीटवर जीभ काढून बसलेला. "मार्सीला त्याची ॲलर्जी आहे. आणि हे डॅडींचं घड्याळ. मला काय करायचंय." तो हसला. "काल कित्येक महिन्यांनी झोप लागली मला, ट्विला. मस्त लागली."

ट्विलाच्या गालाला लागलेलं लाकूड गार पडलं. मार्सीला, त्याच्या बायकोला, कसलीही ॲलर्जी नव्हती. तो कुत्रा तिच्या पायाशी झोपायचा. आणि ती झोप, ते आवरून-सावरून येणं, ते वाटून टाकणं! ही सकाळ ट्विलानं जगलेली होती.

"घरी आणखी किती बंदुका आहेत तुझ्या?" तिनं विचारलं.

"का?"

"सांग."

त्यानं नजर डोंगराकडे वळवली.

खिशात फोन होता. एक फोन केला की पोलीस येणार, तीनशे दोन लागणार. ट्विलाच्या मनात त्या क्षणी जे आलं ते तिनं पुढे फक्त एकदाच, गुरुवारच्या बैठकीत, कुणाकडे न बघता सांगितलं. तिला फोन करायचा होता, भाऊ वाचावा म्हणूनच, पण आणखीही एका गोष्टीसाठी. त्यालाही मागून धरून न्यावं. त्याचंही नाव लोकांनी त्या आवाजात घ्यावं. त्याच्याही भिंतीवरून सगळं उतरावं, कायमचं. मग दोघं सारखी. तिचं बोट आकड्यावर होतं.

पण पोलिसांची गाडी दिसली असती तर तो ट्रक घेऊन सुसाट निघाला असता, हेही तिला दिसत होतं. धरणाच्या रस्त्यावर ती स्वतः पोलिसांची गाडी पाहून पळाली होती.

तिनं हाक मारली, "लॉइड! इकडे ये जरा." लॉइड सँडविच चावत बाहेर आला. तिनं रायफल त्याच्या हातात दिली. "तुझ्या तिजोरीत ठेव. आणि मार्सीला फोन करून सांग, घरातल्या सगळ्या बंदुका आत्ता तिच्या भावाकडे न्यायच्या. का ते विचारू नकोस."

लॉइड दोघांकडे बघून रायफल घेऊन आत गेला.

"काय चाललंय तुझं?" गेलन ओरडला. "मी तुला भेट दिली!"

"किल्ली दे ट्रकची."

"ट्विला, मी काही तुझ्यासारखा वेड—" तो थांबला.

"बोल, बोल. माझ्यासारखा वेडा नाहीस. टीव्हीवर म्हणालास, माझ्यासमोरही म्हण. मग गाडीत बस."

तो ट्रकच्या चाकाशी खाली बसला, चिखलात आणि हरणांच्या रक्तात, नव्या कोटासकट. "तिचा बूट निघाला होता," तो म्हणाला. "मी तिला उचललं आणि स्केटिंगचा एकच बूट तिच्या पायात. बाकीची तिथेच होती गं. मला रोज दिसतात. आणि लोक मला जेवायला बोलावतात."

ट्विला त्याच्याशेजारी बसली. नुसती बसली. ते तिला येत होतं. बऱ्याच वेळानं त्यानं खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

दवाखान्यात बाकावर मॅक्ससकट बसू देत नव्हते, म्हणून कुत्रा ट्रकमध्ये राहिला. टेबलापलीकडची नर्स गेलनशी फार अदबीनं बोलली. तिनं त्याला टीव्हीवर पाहिलं होतं. "तुम्ही स्वतःहून आलात हे फार चांगलं केलंत, सर. इथे सही करा. स्वतःहून येणाऱ्याचं कुठे नाव जात नाही, कसले हक्क जात नाहीत." आणि तिनं पेन पुढे केला.

ट्विला त्या पेनाकडे बघत राहिली. तिला कुणी पेन दिला नव्हता. तिचे हात मागे बांधले होते. भावाचा जीव वाचतोय हे तिला कळत होतं, आणि तरी तिचा तोच जुना हेवा जागा झाला. बहिणीनं आणून सोडलं म्हणून हा स्वतःहून आलेला, आणि आपल्याला आणून सोडणारं कुणी नव्हतं म्हणून आपण तीनशे दोन. गेलननं सही केली. तिनं त्याचा कोट घडी करून घेतला.

तो नाताळच्या आधी घरी आला. सगळ्या गावाला कळलं होतं, पण गावानं या वेळी वेगळा आवाज लावला. "बिचाऱ्यानं काय काय पाहिलं!" मार्सीच्या दारात डबे आले: नूडल्सचे, हॅमचे, बटाटा भरून उकडलेल्या पिएरोगींचे. फ्रीजमध्ये जागा उरली नाही, म्हणून मार्सीनं एक डबा ट्विलाकडे आणून दिला.

"तुला पाठवलाय कुणीतरी," मार्सी खोटं बोलली.

"मला नाही पाठवला. पण ठेव," ट्विला म्हणाली. ती आजारी असताना तिच्या दारात एक पावसुद्धा आला नव्हता. तिनं डबा गरम केला आणि खाल्ला. चांगला झाला होता.

जानेवारीत गेलननं हॅरिसबर्गला फोन करून सांगितलं की यादीच्या विधेयकाच्या सुनावणीतून माझं नाव आणि माझं भाषण काढा. "मी सांगितलं त्यात चूक होती," तो म्हणाला. "बहिणीच्या हातात बंदूक नव्हती. आणि ती यादी असती तर मी दवाखान्यात गेलोच नसतो." त्या फोनची बातमी कुठे छापून आली नाही. विधेयक समितीतच पडून राहिलं. गेलनमुळे की निवडणुका आल्या म्हणून, कुणास ठाऊक. तीनशे दोन जिथल्या तिथे राहिलं, आणि ट्विलाही.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी गेलन चर्चच्या जिन्यावरून खाली आला आणि मागच्या भिंतीपाशी बसला. पुढच्या गुरुवारी त्याच्याबरोबर बंबावरचे दोघं आले, दांडगे, लाजलेले, टोप्या हातात घेऊन. मग आर्लीन परत आली. मग तिचा नवरा. मार्च संपेपर्यंत तळघरात उभं राहायला जागा नव्हती, आणि पुरुष आपल्या घरच्या बंदुका कुणाकडे ठेवायला द्याव्यात हे हळू आवाजात एकमेकांना विचारत होते.

ट्विला कॉफीच्या भांड्यापाशी उभी राहून बघत होती. इतकी वर्षं तिनं या खुर्च्या मांडल्या, केक केले, फोन केले. मोजकीच माणसं आली. हा दोन गुरुवार येऊन नुसता बसला, तोंडही उघडलं नाही, आणि त्याच्यामागे सगळा गाव लोटला.

"तुझ्यासाठी आलेत सगळे," ती त्याला म्हणाली. आवाजातला विखार तिनं लपवला नाही.

"ठाऊक आहे," गेलन म्हणाला. "तुला राग येतोय?"

"येणारच. चल ऊठ, वरच्या हॉलमधून आणखी खुर्च्या आण. मला एकटीला उचलायच्या नाहीत."

तो उठला. ती त्याच्यामागून जिना चढली, कारण तो नक्की त्या उलट्यासुलट्या धरून भिंतीचा रंग खरवडणार, याबद्दल तिची खात्री होती.